आतली जागा

प्रिय भिंगरी,

तुझ्या पुस्तकाचे कागद मागच्या मंगळवारी मिळाले. 'ताई, नुसती नजर टाक, काही चुकलं असेल तर पेन्सिलीने खूण कर' असं वर चिकटवलेल्या चिठ्ठीत लिहिलंयस. पेन्सिल संपली, बाई. दुकानातली ती बुटांच्या साच्यावर खुणा करायची जाडी पेन्सिल होती, तिचं आता बोटभर खोड उरलंय. आपण दोघी एकाच घरात, एकाच खोलीत, एकाच पलंगाच्या वरच्या आणि खालच्या मजल्यावर वाढलो ना? मग तुझ्या पुस्तकातलं हे घर कुणाचं आहे? त्यात बाबा तुला खांद्यावर बसवून धुक्यातून बर्फाच्या रिंकवर नेतात. बाबांचा खांदा जन्मभर दुखत होता. त्यांनी तुला कडेवरसुद्धा दहा पावलांपुढे कधी नेलं नाही. तू त्यांच्या ब्रेडच्या व्हॅनमध्ये, मागे रिकाम्या ट्रेंवर तोंड उघडं टाकून झोपायचीस आणि उतरवताना रोज भोकाड पसरायचीस. आणि आई म्हणे 'शांत, सोशिक'! मुलींच्या न्हाणीघरात गरम पाणी येत नाही म्हणून जिने रिंकच्या मॅनेजरला बाही धरून आत ओढत नेलं आणि त्याचे हात नळाखाली धरायला लावले, ती आपली आई सोशिक? तिने हे वाचलं तर तुला फोनवरून फोडून काढेल. मी तिला कागद दाखवलेले नाहीत. उपकार मान.

'बर्फाने मला हाक मारली' असं पहिल्या प्रकरणाचं शेवटचं वाक्य आहे. बर्फ कुणाला हाका मारत नाही. आईची हॉस्पिटलच्या धोबीखान्यात दुपारची पाळी असायची, बाबा रस्त्यावर, आणि तुला घरी एकटी ठेवलं की तू शेजाऱ्यांच्या कुंड्यांतली माती उकरायचीस, म्हणून तुला माझ्याबरोबर धाडलं जायचं. मी दहा वर्षांची, तू सात. मला स्केटिंगच्या शर्यतीचा सराव करायचा असायचा आणि माझ्या गळ्यात तू. माझे जुने बूट तुला दोन नंबर मोठे, पुढे वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, वर दोन जोड मोजे. पहिल्या दिवशी तू भिंतीच्या गाद्यांना धरून एक फेरी मारलीस, दुसऱ्या फेरीला हात सोडलास आणि स्वतःभोवती अशी गरगरत सुटलीस की सगळी पोरं सराव सोडून बघत राहिली. भिंगरी नाव तेव्हाच पडलं आणि ते मी ठेवलं, घड्याळसरांनी नव्हे. पान अकरा, खूण केली आहे.

घड्याळसरांबद्दल लिहिलेलं मात्र छान आहे. गळ्यात दोन घड्याळं, खिशात तिसरं, आणि तरीही सरावाला कायम दहा मिनिटं उशिरा येणारा माणूस तू हुबेहूब उतरवलायस. पण खेळ समजावून सांगायला घेतलंस आणि सगळा विचका केलास. वाचणाऱ्याला काय घेणं आहे तुझ्या वळणाच्या अंशांशी? त्यांना सरळ सांग. लहानसा अंडाकृती ट्रॅक असतो. चार-पाच मुली एकदमच सुटतात, कुणालाही आपली वेगळी पट्टी नसते. घड्याळाशी भांडायचं नसतं, बाकीच्यांच्या आधी पोचायचं असतं. वळणावर अंग इतकं कलतं की डाव्या हाताची बोटं बर्फाला टेकवावी लागतात. वळणाच्या आतल्या बाजूला काळे रबरी ठोकळे मांडलेले असतात, त्यांच्या आतून जायचं नाही. आणि खरा खेळ पुढचीला मागे टाकण्याचा. बाहेरून जायचं तर लांबचा रस्ता, जास्त ताकद, फुप्फुसं तोंडात येतात. आतून, म्हणजे पुढची मुलगी आणि ठोकळे यांच्या मधून जायचं तर रस्ता जवळचा, पण जागा हातभर आणि तीही डोळा मिटेपर्यंतच. धडक झाली तर बहुतेक वेळा दोष आत शिरणारीचा धरतात. एवढं तू लिहिलंयस. पण शिरणारी एकदा का पुढचीच्या बरोबरीला आली, की पुढचीने वाट बंद करायची नाही, हा नियमाचा दुसरा अर्धा भाग तू लिहिलाच नाहीस. जगभर शर्यती जिंकलीस आणि अर्धाच नियम लिहिलास! तिथे मी खूण केली, मग खोडली, मग परत केली.

आणखी एक गोष्ट गाळलीस. सोळाव्या वर्षापर्यंत तू आतून जाणारी होतीस. आठवतंय का? की तेही पुसून टाकलंस? सर म्हणायचे, 'ही पोरगी उंदरासारखी शिरते, शेपूट दिसेपर्यंत कळत नाही.' क्लबातल्या मोठ्या मुली वळणावर तुझा आवाज आला की कोपर बाहेर काढायच्या. मी सुद्धा. मला तुझा राग यायचा, कारण मी तासन्‌तास घासून जे शिकत होते ते तू येता जाता करत होतीस आणि वर खिदळायचीस. हे लिही की! तीनशे पानांत तू एकदाही खिदळलेली नाहीस. हे पुस्तक वाचून वाटतं की तू जन्मलीस तीच पश्चात्ताप करत.

सातवं प्रकरण मी बाजूला काढून ठेवलं आहे. त्याचं नंतर.

आठव्यात हॉस्पिटल आहे. तिथे तू जे लिहिलंयस ते वाचताना मला कागद खाली ठेवून दुकानाबाहेर जाऊन उभं राहावं लागलं. माझ्या डाव्या पायाची टाचेमागची शीर तुटली होती. तीन ऑपरेशनं, आठ महिने काठ्या, आणि त्यानंतर मी चालू शकत होते, जिने चढू शकत होते, शर्यत करू शकत नव्हते. एवढंच झालं. लोकांच्या आयुष्यात याहून वाईट होतं. तू पलंगाशी स्टूल ओढून बसायचीस, खात नव्हतीस, आणि चौथ्या दिवशी जाहीर केलंस की आता तू बर्फावर पाय ठेवणार नाहीस. तू लिहितेस, 'ताईने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, माझ्यासाठी धाव.' अगं, मी चप्पल फेकून मारली होती तुला! नर्सने ती दारापाशी उचलली. 'बर्फावर परत गेली नाहीस तर मला तोंड दाखवू नकोस,' असं मी ओरडले होते. आणि त्या ओरडण्यावर सगळ्या गावाने मला डोक्यावर घेतलं. बहीण असावी तर अशी. पाय गेला तरी मन बघा किती मोठं. आईच्या धोबीखान्यातल्या बायका मला बघायला यायच्या, नवी बाळं बघायला जावं तशा. मला कुठे तोंड लपवू असं व्हायचं.

मग तू परत गेलीस. एक हंगाम फुकट गेला होता. आणि तेव्हापासून सुरू झालं ते बाहेरून जाणं. सरांनी पहिले दोन महिने काही म्हटलं नाही. मग रोज म्हणायला लागले. मग ओरडायला लागले. तेव्हा मी बसायला सुरुवात केली होती, रिंकच्या गॅलरीखालच्या खोलीत, स्केटच्या पात्यांना धार लावायला. तिथल्या छोट्या खिडकीतून ट्रॅकचं एक वळण तेवढं दिसतं. त्या वळणावर तुला शेकडो वेळा उघड्या दारासारखी जागा सोडून, लांबचा फेरा घेऊन जाताना मी पाहिलं. सर घड्याळ आपटायचे. खरोखर आपटायचे, दोन मोडली. तुला विचारलं तर म्हणायचीस, मला बाहेरून बरं वाटतं. कुणाला बरं वाटतं बाहेरून? श्वास तोंडाला येतो, मांड्या पेटतात! तुझ्या मांड्या अशा झाल्या की दुकानातली एकही पँट चढेना, आई दोन पँटींचं कापड जोडून एक शिवायची आणि शिवता शिवता बडबडायची.

त्याच मांड्यांनी तुला जगज्जेतेपद दिलं, हे मी नाकारत नाही. दीड हजार मीटरच्या लांब शर्यतीत, शेवटच्या तीन फेऱ्यांत, चार जणींना बाहेरून. पेपरवाल्यांनी 'बाहेरची राणी' असं नाव दिलं. लहान पोरी तुझी नक्कल करायला लागल्या. टीव्हीवर एक माजी खेळाडू सांगत होता की ही तिची शैली आहे, यात एक प्रकारचा रुबाब आहे, दुसऱ्याच्या वाटेत न येण्याची सभ्यता आहे. मी भाजी चिरत होते. चिरता चिरता हसले आणि मग हसू काही केल्या थांबेना. नवऱ्याने येऊन सुरी काढून घेतली. शैली म्हणे. पाचशे मीटरची एकही मोठी शर्यत तू जिंकली नाहीस, कारण साडेचार फेऱ्यांत बाहेरून जायला वेळच मिळत नाही. ते त्या रुबाबवाल्याने सांगितलं नाही.

आणि तुझी पहिली ऑलिंपिक फायनल. तू त्यावर दीड पान लिहिलंयस, आणि त्यातलं एक पान बर्फाच्या रंगावर. हजार मीटर, शेवटची फेरी, तू दुसरी. पुढची मुलगी दमली होती, वळणातून बाहेर फेकली गेली आणि आत जागा झाली. जागा म्हणजे काय, बाबांची व्हॅन गेली असती! इकडे बैठकीत आम्ही सगळे उभे. मी ओरडतेय, आत जा, आत जा, आत जा. आणि तू, समोर ते सगळं उघडं असताना, खांदा फिरवलास आणि बाहेरून गेलीस. पात्याच्या टोकाने हरलीस. टोकाने, भिंगरी! मी हातातला कप भिंतीवर मारला. आई म्हणाली, तुला वेड लागलंय का, पोरीला चांदीचं पदक मिळालंय, आणि तू कप फोडतेस? तुझ्या मुलाखतीत तुला विचारलं, आत का गेला नाहीत? तू म्हणालीस, जागा दिसली नाही. मी तुझी बहीण आहे. तुला पाठमोरी बघूनसुद्धा तू काय बघते आहेस ते मला कळतं. जागा तुला माझ्याआधी दिसली होती.

बरं, हरलीस ते हरलीस. पण ते पदक माझ्या दुकानात पाठवायचं काय कारण होतं? मग ते दुसरं, मग ते काचेचं अवजड भांडं, मग मानपत्रं. गॅलरीखालच्या त्या खोलीत मला पात्यांचे साचे ठेवायला जागा नाही, आणि तुझी बावीस पदकं खिळ्यांना लटकतायत. आईबाप मुलांना घेऊन येतात, माझ्यासमोर उभं करतात आणि सांगतात, बघ, या त्या ताई, यांनी त्याग केला. मला दोन ग्राहकांची पाती दुपारच्या आत द्यायची असतात. दोन्ही पाती साच्यात आवळायची, दगड सारख्या दाबाने फिरवायचा, धारेवरची कणी काढायची, नखावर घासून बघायचं. यातून लक्ष उडालं की पोराचं वळणावर घसरणं ठरलेलं. मला हे काम आवडतं. हे तुला अठरा वर्षांत मला पटवून देता आलं नाही. नवरा वर बर्फ सपाट करायची मशीन चालवतो, दोन शर्यतींच्या मध्ये खिडकीशी येऊन चहा पितो, आमची ठकू शाळेतून थेट इथे येते. मी दुःखी नाही. पण तू दर मुलाखतीत डोळे पुसत माझ्या पायाचा विषय काढतेस. आणि दर वर्षी, शीर तुटली त्या तारखेला फोन करतेस, न चुकता, आणि रडतेस. त्या दिवशी मला दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा जाता येत नाही. एकदा गेले, तर तू तिथल्या बाईला फोनवर सांगितलंस की तुझं बोलणं महत्त्वाचं आहे, आणि मी तोंडात कापूस घेऊन तुझी समजूत काढत बसले. माफ केलंस ना, ताई? केलं गं बाई. केलं, केलं, केलं. दर वेळी फोन ठेवल्यावर माझं अर्धा दिवस कशात लक्ष लागत नाही, आणि मी नवऱ्यावर खेकसते.

पुढची प्रकरणं मी भराभर वाचली. घोटा मोडला, त्यामुळे दुसरं ऑलिंपिक हुकलं. सगळ्यांनी तुला निवृत्त करून टाकलं, तू एक हंगाम एकटीच सराव करत राहिलीस, आणि तिशीत, तुझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान पोरींना अडीच फेऱ्या बाहेरून फिरत सोनं आणलंस. त्या दिवशी मी कप फोडला नाही. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. त्या अडीच फेऱ्या म्हणजे काय असतं ते बघणाऱ्या लाखो लोकांत किती जणांना माहीत असेल? तुझ्याइतकं कष्टाळू माणूस मी पाहिलं नाही. हे तुला मी कधी सांगितलं नसेन. तुझं कौतुक करायला गेले की माझी जीभ जड होते. त्याचं कारण आता सांगतेच.

आधी ठकूचं. तुझे कागद मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवले होते. ती अकरा वर्षांची आहे, तिला जे वाचू नको म्हणावं ते ती आधी वाचते, आणि हे तर वाचू नको असंही मी म्हटलं नव्हतं. मावशीचं पुस्तक. तिने सातवं प्रकरण वाचलं. रविवारी क्लबची शर्यत होती, पाचशे मीटर, तिच्या वयाच्या पाच मुली. ठकू चांगली आहे, भिंगरी. तुझ्यासारखीच शिरते, मी शिकवलं नाही, तिला येतंच. शेवटून दुसऱ्या वळणावर पुढची मुलगी बाहेर गेली आणि ठकूला जागा मिळाली. मी खिडकीतून बघत होते. ती अर्धी आत गेली आणि मग सरळ उभी राहिली. शर्यतीच्या मधोमध, वळणावर, उभी. मागच्या दोघी तिला टाकून गेल्या. घरी येताना गाडीत मी विचारलं, काय झालं? ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, 'मला कुणाचा पाय कापायचा नाही. मावशीसुद्धा म्हणूनच बाहेरून जायची ना?' मी गाडी बाजूला घेतली. दिवा लावला, वायपर लावले, बंद केले. ती म्हणाली, 'आई, पाऊस नाहीये.'

तर आता सातवं प्रकरण. निवडीची शर्यत, हजार मीटर, पहिल्या दोघींना संघात घेणार होते. पुढे ती उंच मुलगी, तिला कुणी गाठणार नव्हतं. दुसरी मी, तिसरी तू. तू लिहितेस की दीड फेरी उरली असताना तू 'नसलेल्या जागेत हावरटासारखी घुसलीस' आणि तुझं पातं माझ्या पायात गेलं. भिंगरी, जागा होती. माझा डावा पाय दमला होता आणि मी वळणावर बाहेर फेकले गेले. तुझ्या पात्यांचा आवाज आला. तुझी पाती त्या सकाळी मीच घासली होती, तो आवाज मी ओळखला. मी खाली पाहिलं तर तुझं पिवळं हेल्मेट माझ्या खांद्याच्या रेषेत होतं. तू बरोबरीला आली होतीस. वाट तुझी होती. मी पाहिलं, मला कळलं, आणि मग मी कंबर आत टाकली. चुकून नाही, तोल जाऊन नाही. मला वाटलं तू घाबरून मागे हटशील. लहानपणापासून मी डोळे वटारले की तू हटायचीस. पण तुला हटायला मी जागाच ठेवली नव्हती. पंच ट्रॅकच्या दुसऱ्या टोकाला होते, त्यांना दोघी पडलेल्या दिसल्या आणि त्यांनी आत शिरणारीला बाद केलं. दोन दिवसांनी सर निवड समितीचा कागद घेऊन हॉस्पिटलात आले. मी खरं सांगितलं असतं तर त्यांनी तुला संघात घेतलं असतं. मी म्हणाले, 'ती घुसली, जागा नव्हती,' आणि सही केली. तुलाही त्यांनी विचारलं. तू सोळा वर्षांची होतीस, तुला रक्ताखेरीज काही आठवत नव्हतं. तू म्हणालीस, 'ताई म्हणते तसंच असेल.' माझा पाय गेला होता, निदान ती जागा तुला मिळू नये, एवढंच माझ्या मनात होतं. नंतर तू खाणं सोडलंस, खेळ सोडायला निघालीस, तेव्हा मी घाबरले, म्हणून ती चप्पल. मोठं मन वगैरे काही नव्हतं. बरी झाले की सांगू असं ठरवलं. मग तू जिंकलीस की सांगू. मग तू हरलीस, आणि का हरलीस ते मला एकटीला माहीत होतं, तेव्हा तर तोंडच उघडेना. तू फोनवर माफी मागायचीस आणि मी द्यायचे. अठरा वर्षं मी तुझ्यावर चिडले, बाहेरून जाण्यावरून, पदकांवरून, रडण्यावरून. स्वतःकडे एकदाही वळले नाही. काल दुपारी सराव संपल्यावर मी ठकूला दुकानात बसवलं आणि हे सगळं सांगितलं. ती स्टुलावर पाय हलवत ऐकत होती. मग म्हणाली, 'मावशीला का नाही सांगितलंस?' म्हणून हे पत्र. पुस्तक छापायला जाण्याआधी सातवं प्रकरण नव्याने लिही, माझं काय होईल ते बघू नकोस, जसं झालं तसं लिही. आईला मी रविवारी सांगते. सरांनाही. मला लगेच माफ करू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू पत्र मिटायच्या आत करशील, आणि मी पुन्हा मोठी ठरेन. चिड. भांडी फोड. एक वर्ष बोलू नकोस, हवं तर दोन. पण चिडून झालं की ये. ठकूला आत शिरायचं आहे आणि आता ती घाबरते. मला ते शिकवता येत नाही. मला कधी येतच नव्हतं. तुला येत होतं.

तुझीच,
ताई